बाबा, मला पेट्रोलचा वास येत नाही

बाबा, तुमच्यामागे गॅरेज मीच चालवते. पिपरी मेघेतली तीच शेड, तुमचेच पाने. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. दोन वर्षांपूर्वी ताप आला, आणि तो उतरल्यापासून मला वास येत नाही. फुलांचा नाही, फोडणीचा नाही, पेट्रोलचाही नाही.

मी पहिल्यांदा एकटीनं कार्बोरेटर खोललं तो दिवस आठवतो. तुम्ही बाहेरून येता, ट्रेमध्ये पसरलेले भाग बघता आणि गिऱ्हाइकांसमोरच विचारता, "काऊन खोललं?" मी म्हणते, "काळा धूर येऊन राह्यला म्हणून." "प्लग पाह्यला? वास घेतला?" मी दोन्हींतलं काहीच केलेलं नसतं. तुम्ही प्लग काढून माझ्या नाकाशी धरता. "कच्चं पेट्रोल आहे हे. जाळते त्याहून जास्त पिऊन राह्यली गाडी. आधी नाक, मग पाना." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. नंतर मात्र सगळी कामं त्या नाकावरच केली.

गेल्या महिन्यात नाचणगावचे एक काका आले. कापसाचा व्यापार करायचे, आता घरीच असतात. चाळीस वर्षांपूर्वीची परदेशी गाडी, त्यांनी जिवापाड जपलेली. कार्बोरेटर नाही, इंजेक्शन, म्हणजे सेन्सरच्या हिशेबानं पेट्रोल फवारणारी. अशा गाड्या तुम्ही दारातूनच परत पाठवायचे. काळा धूर, प्लग काजळीनं भरलेले. मी मीटर लावला. इंजिन किती तापलं ते सांगणारा सेन्सर बिघडला होता. तापलेल्या इंजिनालाही तो थंडच सांगायचा, म्हणून पेट्रोल जास्त सुटायचं. सेन्सर मिळवायला पंधरा दिवस गेले. बदलल्यावर धूर बराच कमी झाला आणि मी खूश झाले. गाडी न्यायला काका-काकू आले, तिथूनच समुद्रपूरला भाचीच्या साखरपुड्याला निघायचं होतं. काका म्हणाले, "वास तर अजून येऊन राह्यला, बेटा." मी म्हटलं, "जुना आहे तो, जाईल दोन दिवसांत." जणू मलाही येत होता.

ते निघून गेल्यावर आई चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "पेट्रोल सांडवलं काय वं? डोकं दुखून राह्यलं." काहीच सांडलं नव्हतं. टेबलावर फक्त फडकं होतं, ज्याला मी त्या गाडीची ऑइल मोजायची पट्टी पुसली होती. आईनं ते उचलून नाकाशी नेलं. "याले येते."

मग मला आठवलं, पट्टीवर ऑइल खुणेच्या वर दिसलं होतं. मला वाटलं, काकांनीच जास्त भरलं असेल. ते वाढलं होतं पेट्रोल मिसळून. इतक्या पातळ ऑइलवर लांब रस्त्यात इंजिन जाम होऊ शकतं. आणि पेट्रोल आणखी कुठे झिरपत असेल, तर ते मी सांगूच शकत नव्हते. मी काका-काकूंना फोन लावला. वाजत राहिला. सात वेळा लावला.

स्कूटर काढून हिंगणघाटच्या रस्त्याला लागले. दूर धूर दिसला आणि मी वेग वाढवला. वावरात कोणीतरी कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवली होती. पुढे एका टपरीशी गाडी उभी होती, दोघं बाकावर चहा पीत होते. फोन डिक्कीतल्या पर्समध्ये. "अवं, तू इथं कशी?" काकू म्हणाल्या. मी म्हटलं, "काका, गाडी चालू करू नका."

बॉनेट उघडलं. पेट्रोलचा दाब सांभाळणारी एक छोटी डबी असते, तिच्यापासून इंजिनाकडे रबरी नळी जाते. ती आतून कोरडी असायला हवी. मी काढून तळहातावर उलटी केली, तर थेंब पडले. डबीतला पडदा फाटून कच्चं पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जात होतं. बिघाड दोन होते, मी एकावर थांबले होते. ऑइलची पट्टी काकूंसमोर धरली. "वास घ्या ना, मले सर्दी आहे." त्यांनी तोंड फिरवलं. "पेट्रोलच आहे हे. आणि तू काढा घेजो." काका रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "मी म्हटलं होतं तुले." "चुकलं माझं, काका." दोघं एसटीनं पुढे गेले. गाडी ओढून आणली, डबी आणि ऑइल बदललं. आता ती स्वच्छ चालते.

मी मात्र अजून भिऊन आहे, बाबा. प्रत्येक गाडीशी वाकले की काय सुटलं असेल, तेच शोधत राहते. हा कागद कुठे पाठवणार? लिहिताना निदान तुम्हाला तरी सांगितल्यासारखं झालं.

आज सकाळी वरण गॅसवर होतं. आईनं आतून विचारलं, "लागलं काय वं?" मी वाकून वास घेतल्यासारखं केलं आणि म्हटलं, "नाई." जेवताना तिनं वरणाला नावं ठेवली नाहीत, उलट दुसऱ्यांदा वाढून घेतलं. भांडं घासायला घेतलं तेव्हा तळ काळाकुट्ट होता.