न हलणारी ज्योत

शनिवार, जुलै, दिवेलागण

देवघराजवळच्या खिडकीला आतून थंडी अडवणारी प्लास्टिकची पातळ फिल्म लावली एकदाची. हेअर ड्रायर फिरवला तशा सुरकुत्या विरघळल्या आणि प्लास्टिक काचेसारखं ताणून बसलं. बघतच राहिलो.

पुण्याहून आलेली आई म्हणाली, "एवढ्याशा प्लास्टिकने मेलबर्नची थंडी अडते होय?" मला तरी कुठे खात्री होती?

मग तिने निरांजन लावलं. ती इथे आल्यापासून खिडकीच्या फटीतला वारा ज्योत आडवी करायचा, म्हणून एक हात आडोशाला, दुसरा कपाळाला, असाच तिचा नमस्कार. आजही तिने आडोसा धरला. पण ज्योत सरळ. तिने हळूच हात काढला. तरी सरळ. ती ज्योतीकडे बघत राहिली, मीही.

आणि आईने दोन्ही हात जोडले. इथे आल्यापासून पहिल्यांदा.