जिन्याचा दिवा, पॅसेजचं बटण

घरून,
४ मार्च

चि. मीटर हिला अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईची तब्येत उत्तम, माझीही, आणि फ्रिजचीही. तो मध्यंतरी कण्हत होता, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली तसा गप्प झाला. रोज फोन होतो तरी बाबांना पत्राची हौस कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तुझी आई शेजारी उभी राहून माझी वाक्यं पुरी करते. कागदावर निदान माझं मला बोलता येतं. अक्षर जरा मोठं दिसेल. साईटवर बोर्डांवर नंबर टाकायचा जाड मार्कर हाताला बसलाय, त्यानेच लिहितोय.

तू पाठवलेलं स्मार्ट बटण बसवलं. साईटवरचा फोरमन म्हणाला होता, शेठ, मी येऊन लावतो. म्हटलं, उभी हयात मी लोकांच्या भिंती फोडून वायरिंग केलं, आता माझ्या घरात दुसऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर चालला तर भिंतसुद्धा हसेल. जुनं बटण काढलं, नवं लावलं, मेन चालू केला, धूर नाही, वास नाही. फोनमध्ये पासवर्ड घालायचं काम मात्र तुझ्या आईवर सोपवलं. ती बारीक अक्षरं वाचायचा मला कंटाळा.

तू तिकडून सांगत होतीस, बटण दाबून धरा, दिवा भराभर मिचकायला लागला की सांगा. मी भिंतीला कान लावून उभा. आतून टिकटिक सुरू झाली तसं सांगितलं. तू म्हणालीस, बाबा, ऐकायचं नाही, बघायचंय. मी म्हटलं, ऐकून चालत असेल तर बघायचे कष्ट कोण घेतो. मग फोनने दिव्यांची नावं विचारली आणि तू वरच्या बटणाला ‘पॅसेज’, खालच्याला ‘जिना’ दिलंस. नावं ठेवायची आवड तुला लहानपणापासूनच.

तेव्हाची तू आठवतेस. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद, हा घरचा नियम मी केला, पण राबवलास तू. जेवताना कोणाचा दिवा चालू राहिला तर अर्ध्या ताटावरून उठायचीस आणि बाहेरून ओरडायचीस, मीटर पळतोय. तेच नाव पडलं ते पडलं.

नव्या बटणात एक खोट आहे. आवाज नाही. जुनी बटणं खटकन बोलायची. तुझी आई बटण मारायची ते ठसक्यात, तू मारायचीस ते पळता पळता, आणि मी खाली बसून सांगायचो कोण कुठे आहे ते. आता आतला रिलेचा खटका कसाबसा टिक करतो, आणि तो टिक कोणाचा तेही कळत नाही. तू तिकडून केलंस की आईने फोनवरून, की मीच जाता जाता हात लावला. उगाच चुकल्यासारखं होतं. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही.

बाकी विशेष नाही. समोरचे वकीलसाहेब रुसलेत. दारात नुसते हसले म्हणे, मी ओळख दाखवली नाही. आता नुसत्या हसण्याला आवाज असतो का? तुझी आई हल्ली घरात चपला घासत चालते. पूर्वी मांजरीसारखी यायची, कळायचं नाही. वय, दुसरं काय.

काळजी घे. बटणाची एक बारीकशी भानगड आहे, ती भेटीत सांगेन.

तुझा बाबा


घरून,
२१ मार्च

चि. मीटर हिला अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज तुझ्या आईने वाचून दाखवला. तू विचारलंस की भर दुपारी पॅसेजचा दिवा का चालू असतो, तिथे तर एवढी मोठी खिडकी आहे. एकदा नाही, रोज दिसतो म्हणालीस. आणि मग हळूच विचारलंस की आई हल्ली विसरते का.

दुपारी आभाळ असतं. म्हणून लावतो आम्ही.

असो. तुला कळायला नको होतं, पण तुझ्या मावशीच्या पोटात काही राहणार नाही, म्हणून मीच लिहितो. तुझी आई गेल्या आठवड्यात जिन्यात घसरली. फार नाही. उजवं मनगट. प्लास्टर आहे, हाताला पिशवीसारखं अडकवलंय, आणि डावा हात नाचवत सगळी कामं माझ्याकडून करून घेते. कणीक मी मळतो. काल म्हणाली, वायरिंग बरं करता तुम्ही. एवढं बोलते म्हणजे तब्येत ठीक आहे.

तिच्या पडण्याचा आणि बटणाचा काही संबंध नाही. जिना जुना, वळणावरची पायरी अरुंद, हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग. कोणीही पडलं असतं. प्लास्टर घालताना डॉक्टरने विचारलं की चक्कर आली का, डोळ्यांपुढे अंधारी आली का, तेव्हा ती म्हणाली, आली असेल. मीही म्हटलं, आली असेल. विसरते म्हणशील तर थोडं होतंच या वयात. चपलांचं मी तुला लिहिलंच होतं.

हे लिहून मी उठलो, खाली गेलो, वर आलो. चहा ओतून ठेवला होता तो सापडला नाही, मग सापडला. घरात बसवत नाही आणि साईटवरही करमत नाही. साईटवर मी आता मीटर बघत नाही, फोरमनला रीडिंग मोठ्याने वाचायला लावतो. तो म्हणतो, शेठ, परीक्षा घेताय का माझी. मी हसतो. तोही हसतो, पण थोडा उशिरा.

एक काम कर. दुपारी घरातला दिवा चालू दिसला तर बंद करत जाऊ नकोस. मला टिक ऐकू येतो. घराचा मीटर पळू दे थोडा. कारण विचारू नकोस, मोठा माणूस सांगतो म्हणून ऐक.

तू येऊ नकोस एवढ्यात. सुट्टी वाया जाईल.

बाबा


घरून,
२ एप्रिल

मीटर,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी वाच.

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी गॅलरीत होतो. दार लावलेलं होतं, पण माझे कान तुला माहीत आहेत. तू आईला म्हणालीस की शनिवारी येते, स्मरणाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, आणि तपासणीत काही निघालं तर तिला तुझ्याकडेच ठेवून घेशील. तुझी आई काय म्हणाली ते मी शब्दन् शब्द ऐकलं. म्हणाली, “हो गं, मीच विसरते दिवे बंद करायला. जिन्यातही माझंच लक्ष नव्हतं. येते मी तपासायला.”

ज्या बाईने आयुष्यात गॅसचं बटण दोनदा तपासल्याशिवाय घर सोडलं नाही, ती हे बोलली. आणि बोलल्यावर फोन ठेवून डाव्या हाताने भाजी निवडायला बसली.

मी आत गेलो. विचारलं, खोटं का बोललीस.

“मग काय बोलू? खरं माझं नाही. ज्याचं आहे त्याने सांगावं.”

मी खुर्ची शोधून बसलो. म्हटलं, कधीपासून माहीत आहे तुला.

“वकीलसाहेब रुसले तेव्हापासून. तुम्ही हल्ली समोरचा बोलेपर्यंत थांबता आणि मग आधीच ओळखल्यासारखं हसता. सगळ्यांना फसवाल. मी तुमच्याशी संसार केलाय.” मग भाजीकडे बघूनच म्हणाली, “चपला घासत कोणासाठी चालते मी? मला काय पाय उचलता येत नाहीत?”

पोरी, मी कंप्रेसरचं कण्हणं ऐकतो, पंख्याच्या बेअरिंगचा दोष रस्त्यावरून सांगतो. आणि इतके दिवस ते चपलांचं घासणं ऐकत होतो. तुला लिहिलं, वय.

आता सरळ सांगतो. डोळ्यांची नस सुकतेय. साईटवर जातो असं सांगून एकदा मी डॉक्टरकडे जाऊन आलो होतो. कडेचं दिसणं बरंच गेलंय, रंग मळलेत, आणि उन्हातून आत आलो की घर माझ्यासाठी काळं होतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी राखता येतं, असं डॉक्टर म्हणाले. थेंब मी हत्यारांच्या पिशवीत चिकटपट्ट्यांखाली ठेवले, कारण त्या पिशवीला घरात कोणी हात लावत नाही. दुपारचे दिवे मीच लावतो. तुझी आई नाही.

आणि ती बारीकशी भानगड. जुन्या बटणामागे दोन तारा होत्या, पॅसेजच्या दिव्याची लाल, जिन्याच्या दिव्याची तपकिरी. मला दोन्ही एकच दिसल्या. कोणाला हाक मारायची नाही म्हणून अंदाजाने लावल्या, त्या उलट्या लागल्या. तेव्हापासून तुझ्या फोनवर जे ‘पॅसेज’ आहे ते खरं जिन्याचं बटण होतं. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तुला नुसती नावं अदलाबदल करायला सांगितली असती तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण तू विचारलं असतंस, बाबा, तुमची तार कशी चुकली? तेवढा एक प्रश्न नको म्हणून मी गप्प बसलो.

तुझी आई पडली त्या दुपारी तुला तिकडे दिसलं की पॅसेजचा दिवा चालू आहे, मोठ्या खिडकीपाशी, भर दुपारी. तू बंद केलास. मी शिकवलं तेच केलंस. तुझी आई कपडे घेऊन वळणावर होती, तिथे दिव्याशिवाय दुपारीही अंधार, आणि मी खालच्या पायरीशी. टिक ऐकू आला. मला कळलं काय झालंय ते, हाक मारायला तोंडही उघडलं, पण ती त्याआधीच खाली आली होती.

तू बटण दाबलंस ते बरोबरच होतं. दिवा चुकीचा होता, आणि तो मी लावला होता. हे नीट दोनदा वाच आणि मग डोक्यातून काढून टाक. तू रात्रभर रडत बसशील हे माहीत असूनही लिहितोय, कारण नाहीतर शनिवारी तू तुझ्या आईला माझ्या आजारासाठी तपासायला नेशील, आणि ती जाईल. तिथे डॉक्टरने विचारलं तर मुद्दाम दोन उत्तरं चुकवेलसुद्धा. तिचा नेम नाही.

आज सकाळी फोरमनला घरी बोलावलं. त्याला स्टुलावर चढवलं आणि मी खाली उभा राहिलो, स्टूल धरून. त्याने बटण उघडलं, दोन्ही तारा बाजूला घेतल्या. मग म्हणाला, “शेठ, सरळ करतो.” मी म्हटलं, कर, आणि एक ऐक. नव्या इमारतीतले जे बोर्ड अलीकडे मी एकट्याने तपासून पास केलेत, ते सगळे पुन्हा उघडायचे. एकही सोडायचा नाही. यापुढे तपासणी तुझी आणि सहीही तुझी. तो म्हणाला, बरेचसे मी तुमच्यामागून आधीच उघडून बघितलेत. म्हणजे त्यालाही माहीत होतं. मला वाटत होतं मी लपवतोय. प्रत्यक्षात सगळे मिळून माझ्यासाठी लपवत होते.

स्क्रू बसवून झाल्यावर त्याने विचारलं, कोणतं दाबू. म्हटलं, जिना. टिक झाला आणि वळणावर उजेड आला. तुझी आई वरून खाली उतरली, भिंतीला डावा हात लावून. चपला न घासता. मी समोरच उभा होतो, समोरचं अजून दिसतं, म्हणून चाललं.

शनिवारी ये. वेळ रद्द करू नकोस, नाव बदल. पेशंट मी, आणि डॉक्टर डोळ्यांचा बघ, इथला एकदा बघून झालाय, दुसरा बघू. मी येईन, कुरकुर करेन, पण येईन. आल्यावर मला बोलायचं ते बोलून घे. गप्प राहून रागावलीस तर मला दिसायचं नाही.

तुझ्या फोनवर आता ‘जिना’ म्हणजे जिनाच आहे. तो दुपारी चालू दिसेल. राहू दे.

अनेक आशीर्वाद.

तुझा बाबा

(ओळी एकमेकींवर चढल्या असतील. सही कुठे करायची ते तुझ्या आईने कागदावर बोट ठेवून दाखवलं. डाव्या हाताचं.)