गिरवून काळा केलेला कागद

६ सप्टेंबर, शनिवार

गणपती बोळवले. मागच्या अंगणात, बादलीत; अमेरिकेत दुसरं काय करणार. आरतीला ती आली होती! सत्यजितची निलुफर, इराणची. चित्रं काढते. विचारलं कसली, देवाची की झाडापानांची? सत्यजित म्हणतो, "ॲबस्ट्रॅक्ट, आई. कशाचीच नाहीत." कशाचीच नाहीत तर काढायची कशाला?

मोदक मात्र चार खाल्ले.

९ सप्टेंबर, मंगळवार

सत्यजितने विषय काढलाच. दिवाळीनंतर लग्न करायचं म्हणतो. सांगितलं, पितृपक्ष चालू आहे, शुभाचं बोलायचं नाही. तर म्हणे, "मग अशुभाचं बोल."

बोलले. त्यांचा देव वेगळा, आपला वेगळा. चार दिवसांचं कौतुक, मग जन्मभर निस्तरणं. चूल कोणाच्या रीतीने पेटायची? हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चूल आहे कुठे, इंडक्शन आहे." यांना काय!

न जेवता गेला. ताट झाकून ठेवलंय.

१४ सप्टेंबर, रविवार

सत्यजितचा फोन आला. शनिवारी न्यूयॉर्कला तिचं प्रदर्शन आहे. "एकदा बघ, मग नाही म्हण." न बघताही म्हणता येतं!

१७ सप्टेंबर, बुधवार

एकादशी. रामनामाचं रोजचं पान लिहिलं. मन लागलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

गेलो. पार्किंगला जे घेतलं ते इथे लिहवत नाही.

परदेशात राहिलेल्या आशियातल्या चित्रकारांचं प्रदर्शन, असा फलक. कोरियाच्या एकीने गोणपाटाच्या चिंध्या टांगलेल्या. एका चिनी मुलाची भिंतभर पांढरी पाटी — चुना नीट लागला होता, एवढंच. लोक हाताची घडी घालून, मान वाकडी करून बघतात. घरी कोणी असा पसारा केला असता तर?

तिचा कागद भिंतीवरून खाली जमिनीपर्यंत आलेला. सुरेख, जाड कागद — आणि शाईने नुसता काळा! माझ्या रामनामाला दोन वर्षं पुरला असता, दोन्ही बाजूंनी. नीट दिसावं म्हणून मागे सरकले नि टोकाला पाय लागला. सवयच ती — वाकले, हात लावला, कपाळाला लावला. तिथली राखणदार बाई ओरडत आली. निलुफरने तिला थांबवलं. सत्यजितला विचारलं, आईंनी हे काय केलं? त्याने सांगितलं. ती म्हणाली, तिची आईही वाटेत पडलेला भाकरीचा तुकडा उचलते, ओठांना लावते आणि कुणाचा पाय पडणार नाही असा उंच ठेवते.

रीत आहे म्हणायची.

मग मीच विचारलं, लिहिलंय काय? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी तिने सांगितलं. दर शुक्रवारी शिराझहून आईचा फोन येतो. आई बोलते ते ती ह्याच कागदावर लिहिते, एकावर एक. नऊ महिने झाले. आम्हीही पाटीवर गिरवायचो, पण पुसायचो तरी!

"पण म्हणते काय आई?"

ती काळ्यावरून बोट फिरवत, आठवून इंग्रजीत सांगत गेली. सत्यजितने खाली बघत मराठी केलं. "चार दिवसांचं कौतुक आहे. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्यांच्या घरात माझी मुलगी द्यायची नाही. आणि मुलगा कोण, तर कंप्युटरवरचा कारकून."

आधी वाटलं, कार्टा माझंच बोलणं मला ऐकवतोय. पण कारकून? माझा सत्यजित? पुण्याला पहिल्या वर्गात आलेला! ना मुलाला पाहिलं, ना घर पाहिलं, आणि नाही म्हणून मोकळी!

गाडीत मी एवढं म्हटलं तर हे हसायलाच लागले. हसण्यासारखं काय होतं?

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. पितृपक्ष संपला.

सत्यजितला सांगितलं, शुक्रवारी निलुफरला घेऊन ये, दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगायला. फोनवर तिच्या आईशी मी बोलणार आहे. आपल्यात मुलीकडचे येतात. त्यांच्यात मुलाकडच्यांनी मागायला जायचं असतं म्हणे. जाऊ.

काय बोलायचं ते लिहायला बसले. खोडलं, वर लिहिलं, परत खोडलं. कागद काळा झाला.