फूल न्हाई ते

आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८६४

काठ्या आल्या! बिलियर्डच्या! पाशामियाँनी खांद्यावरून आणल्या आणि ओट्यावर धाडकन टाकल्या. एकजात वाकड्या. पाशामियाँ अंमलदारांच्या क्लबात मार्कर आहेत. मी विचारलं, मार्कर म्हणजे कशावर मार्क करता? तर म्हणे, कोणाचे किती गुण झाले ते पाटीवर सरकवतो. मग मुनीम म्हणा की सरळ! लई हसले.

लढाईमुळं विलायतेचा माल बंद. होत्या त्या काठ्या पावसाळ्यानं वाकवल्या. क्लबाचं सारं पाहतात ते दत्तोपंत वकील म्हणाले, गावात कातारी बसलाय की, त्याच्याकडून नव्या करून घ्या. म्हणजे यांच्याकडून! यांनी एक काठी उचलली, एक डोळा मिटून टोकापासून बुडापर्यंत पाहिली, फिरवली, पुन्हा पाहिली. आणि म्हणाले, "हुतंय." झालं. यांच्या बोलण्याला दुष्काळ ठरलेला.

सासूबाई म्हणाल्या, "बाजेचे पाय, पाळणे, लाटणी करणाऱ्यानं आता सायबांच्या खेळाला हात लावायचा. लावा बाबा."

त्या खेळाचं मेज मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. पाशामियाँ सांगत होते – दगडाची फरशी, तिच्यावर हिरवं कापड ताणून बसवलेलं, सुरकुती म्हणून नाही. तेव्हापासून डोळ्यापुढं हिरवंच हिरवं. बांध नसलेलं शेत. त्यातून चेंडू आपले जायलेत, कुणाला न विचारता. दोन भाकरी करपल्या.

आश्विन पौर्णिमा

लाकूड मिळालं. घरातच होतं! किनवटच्या रानातली धामण, त्या झाडाची लाकडं कावडीसाठी माळ्यावर ठेवलेली. वाकवली तर वाकते, सोडली की सरळ होते. हे म्हणाले, "माणसानं असं असावं." मी म्हटलं, कोण, तुम्ही?

मूठ शिसवाची.

आश्विन वद्य चतुर्थी

दिवसभर पट्टा ओढला. कातावर लाकूड चढवलं की मी पट्टा ओढते, हे पटाशी धरतात. समोरासमोर बसतो. बोलायचं नसतंच. मी ओढलं की लाकूड त्यांच्याकडं फिरतं, सोडलं की माझ्याकडं. पटाशीखालून शिसवाचे काळे भुगे उडतात आणि यांच्या पापण्यांवर बसतात. पुसावंसं वाटतं. हात गुंतलेले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सगळ्यात जास्त यांना मी पट्टा ओढतानाच पाहिलंय. गुंगी येते. लाकूड फिरतंय, का घर फिरतंय, का आपणच, काही समजत नाही. सासूबाई ओरडल्या, "अगं ढिला पडायलाय पट्टा! झोपलीस का?" जागीच होते. त्याहून जास्त जागी मी कधी नसते.

आश्विन वद्य अष्टमी

पंचाईत झाली.

वकिलांचा निरोप आला – प्रत्येक काठीवर करणाऱ्याचं नाव पाहिजे. विलायतेच्या काठ्यांवर असतं म्हणे. नाव असलं की हात कुणाचा ते कळतं, आणि बिघडली तर धरायचं कुणाला तेही! यांना अक्षर येत नाही. घरात लिहिता येतं ते मला एकटीला, चौथीपर्यंतचं. हे सहज म्हणाले, "तू काढ की. पितळेची तार बसवायला येतीच तुला."

येते. माहेरी उदगीरला शेजारी फरीदाबी राहायच्या. त्यांचे अब्बा बिदरचे, तारकामाचे. त्यांच्या ओसरीवर बसून शिकले. बारीक चीर पाडायची, तार बसवायची, हलक्या हातानं ठोकायची, घासायची. ते काही अवघड नाही. पण नाव!

काढ म्हणून बसले मोकळे! नवऱ्याचं नाव बायकोनं घेतलं की त्याचं आयुष्य तेवढं उणं होतं, हे पुरुषांच्या ध्यानातच राहत नाही. त्यांना काय, उणं होणारं त्यांचं, धसका आम्हाला. लग्नात उखाणा घे म्हणून बायका मागं लागल्या तेव्हा मला रडू फुटलं होतं. शेवटी नणंदेनंच माझ्या वतीनं घेतला.

सासूबाईंना विचारलं, आत्याबाई, तोंडानं न घेता नुसतं हातानं लिहिलं तर? म्हणाल्या, "बोंबलून घे न्हाई तर लिव्हून घे, नाव ते नाव." त्या या बाबतीत पक्क्या. मामंजींच्या नावात गंगा होती. म्हणून सारं नांदेड ज्या नदीला गंगा म्हणतं, तिला या 'मोठं पाणी' म्हणतात. "मोठ्या पाण्यावर जाऊन येते गं!" मी हसू दाबते. पण मी तरी काय निराळी! यांचं नाव सूर्याचं. मालेगावच्या खंडोबाचंही तेच. आरतीत ते नाव आलं की मी तोंड मिटून नुसत्या टाळ्या वाजवते. शेजारच्या जगदेवीबाई कोपरानं ढोसतात, मेल्या.

आश्विन वद्य दशमी

सुचलं!! भाकरी थापताना सुचलं. लिहायचंच नाही. काढायचं!

आश्विन वद्य द्वादशी

झालं. काळ्या शिसवात पितळेचा सूर्य. मधे गोल, भोवती किरणं. करंगळीच्या नखाएवढा. घासून तेलाचा हात फिरवला तर असा लखलखला की पटकन पदरानं झाकला. पाप नाही ना लागणार? पण मी काही बोललेले नाही, काही लिहिलेलं नाही. सूर्य काय, कुणीही काढतं. रांगोळीत नाही का काढत?

यांना दाखवला. काठी हातात घेऊन निरखली. म्हणाले, "फूल बरं जमलंय."

फूल!

मी म्हटलं, कशाचं?

"शेवंतीचं."

जळ्ळी मेली ती शेवंती! अर्थात यांचा काय दोष. यांच्या लेखी आपलं नाव म्हणजे देवाचं नाव, तेवढंच. त्याचा अर्थ सूर्य, हे मला शाळेत मास्तरांनी शिकवलेलं. यांना कोण शिकवणार? मी? कशी? सांगायचं म्हटलं तर ते नाव तोंडात आलंच.

म्हटलं, हाव. शेवंती.

कार्तिक शुद्ध पंचमी

दिवाळी झाली. काठ्या क्लबात गेल्या आणि गाजल्या. पाशामियाँ सांगत आले, "भाबी, साहब लोगां अब फूलवालीच मंगते! पुरानी को हात नै लगाते!" वकिलांनाही नावाऐवजी फूल पसंत पडलं म्हणे. दुसऱ्या गावच्या क्लबांतूनही मागणी आली. हे दिवसभर काम करायलेत आणि मी दिवसभर सूर्य काढायलेय.

सारं गाव फूल म्हणतं. म्हणू दे.

कार्तिक शुद्ध एकादशी

दुपारी अंगणात उन्हात बसून तार ठोकत होते. मनात आलं, आता कुठं कुठं असतील हे? कुणी साहेब त्या हिरव्या मेजावर ओणवा झाला असेल. डोळा बारीक. मूठ घट्ट धरलेली. आणि त्याच्या तळव्याखाली माझ्या नवऱ्याचं नाव, त्याला पत्ताच नाही! मी कुठं गेले नाही. नांदेड आणि उदगीर, बास. पण ते नाव मी किती जणांच्या हातात दिलंय. हातोडीचा एकेक ठोका म्हणजे एकदा घेतलं. टुक. पुन्हा घेतलं. टुक. कुणी ऐकत नाही. आयुष्यही उणं होत नाही. जिभेवर गूळ ठेवून गप्प बसावं तसं झालंय मला.

हे समोरच रंधा मारत होते. विचारलं, "हसायलीस कशाला?"

काही नाही म्हटलं.

कार्तिक वद्य तृतीया

धरले गेले!

सासूबाईंना आताशा कमी दिसतं. काठी मांडीवर घेऊन बोटानं चाचपत बसल्या होत्या. गोल, मग एकेक किरण. आणि एकदम म्हणाल्या, "ह्याला देठ कुठंय? पान कुठंय? गोदे, हे फूल न्हाई."

मी तार खाली ठेवली.

"आदितवारी दिवस उगवायला झाला हा. जोशीबुवा म्हणले, दिवसाचंच नाव ठिवा." माझ्याकडं तोंड वळवलं. "चोरून नाव घ्यायलीस व्हय गं!"

आता रागावतील म्हणून मान खाली घातली. पण त्या खुदकन हसल्या. बोळक्या तोंडानं, एखाद्या पोरीसारखं. म्हणाल्या, "ठोक. सांगत न्हाई कुणाला."

कार्तिक वद्य दशमी

हैद्राबादचे सौदागर आले. गुलाम रसूल नाव. मोठ्या लोकांना मेज-खुर्च्या पुरवतात. अत्तराचा घमघमाट ओटाभर. बोलणं मात्र मऊ, माणूस वाईट नाही. काठी हातावर तोलली. "क्या हात है, मियाँ!" घरात आहेत त्या सगळ्या आणि पुढं होतील त्याही सगळ्या घेतो म्हणाले. हैद्राबादेत, त्याही पलीकडं जातील. "मगर ये फूल नक्को." त्यांच्या दुकानाच्या नावाची पितळी पत्री ते देणार, ती मुठीवर बसवायची. फूल उपसायचं, चीर काळ्या लाखेनं भरायची.

हे लगेच म्हणाले, "हुतंय."

मी दाराआड होते.

ते गेल्यावर म्हटलं, ते राहू द्या.

"काय?"

ते… फूल.

"का?"

राहू द्या म्हणते ना!

"अगं, का म्हणून इचारतोय. वर्षाचं काम दारात आलंय. नखाएवढ्या फुलापायी कुणी लाथाडतंय व्हय? पाहिजे तर तुला पाटावर काढू, पेटीवर काढू. लई फुलं काढ."

काय सांगू? घागर उचलली आणि नदीवर गेले. वाटभर रडले. राग यांचा नाही. यांना कळत नाही याचा राग आला. आणि मग वाटलं, कळावं कसं? मी सांगितलंय का कधी?

कार्तिक वद्य एकादशी

बोलले नाही.

कार्तिक वद्य द्वादशी

आजही नाही. पट्टा ओढला. लाकूड फिरलं. मी डोळे वर केले नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

पत्र्या आल्या. डबाभर. चकचकीत, सुबक अक्षरं. वाईट दिसत नाहीत, तेच वाईट वाटलं. चंपाषष्ठी झाली की उपसायला घेतो म्हणाले.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

सासूबाईंजवळ बसून वाती वळत होते. त्या आपणहून म्हणाल्या, "सांग की त्याला."

म्हटलं, तुम्हीच सांगा, आत्याबाई. तुम्ही आई. तुम्हाला नाव चालतं.

"माझं सांगून काय उपेग? मी त्याला रोजच हाक मारते." वात तशीच हातात राहिली. "बायकांत उखाण्यात घेतलं असंल मी आमच्या मालकाचं नाव. पर त्येंच्या कानावर कधी पडू दिलं न्हाई. आयुष्य वाढावं म्हणून. वाढलं का गं? चाळिशीबी गाठली न्हाई त्येंनी." वात खाली ठेवली. "आता घ्यायला कोण आडवतंय? पर तोंडच वळत न्हाई. आन ऐकायला कोण हाय?"

मी त्यांचा हात धरून बसले. आत भीतीही होती आणि दुसरं काहीतरी होतं. नाव ठेवता येत नाही त्याला.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी

चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, रोडगे. देवळात भंडाऱ्यानं सगळे पिवळे. अख्खी गल्ली ते नाव घेऊन ओरडत होती – बाप्ये, पोरं, जगदेवीबाई सुद्धा! हे माझ्या पुढंच उभे, भंडारा कानामागं लागलेला. सगळ्यांच्या तोंडी यांचं नाव आणि मी तेवढी मुकी. टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत आज.

उद्या उपसणार.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

सकाळी लाख तापवायला ठेवली. काठी मांडीवर घेतली. चिमटा घेतला. मी दारात उभी. म्हटलं, थांबा, ते फूल नाही.

"मग काय हाय?" मान वर न करता. चिमट्यानं तार धरलीसुद्धा.

आणि मी घेतलं. मार्तंड. उखाण्यात न बसवता, पदर पुढं न ओढता, इतक्या मोठ्यानं की आत सासूबाईंच्या हातातली पळी पडली.

यांनी चिमटा खाली ठेवला. काठी उन्हाकडं केली आणि बघत राहिले, लई वेळ. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "अजून एकदा घे."