चौपन्न माणसं मावतील एवढी लेन्स

कुमासी, बुधवार

तीर्थरूप मामा,

तुमचा भाचा क्वाकू चपला दाराबाहेर काढून, खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत उतरवून तुम्हाला नमस्कार करतो. (तुम्हाला इथलं दिसणार नाही, पण खरंच उतरवलं आहे. आई समोर बसून शेंगा सोलते आहे आणि पोराला ऊन लागलं असं तिला वाटतंय.) मांपाँगला हवा कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात औषध घालता की बाटली देवघरासारखी फळीवर मांडून ठेवली आहे? आणि ती तपकिरी शेळी अजून शेजारणीचा कसावा खाते का? इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आई क्षेम आहे. माझं पुढे वाचा.

फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही फक्त 'हं' म्हणता, आणि त्या एका 'हं'चा अर्थ लावता लावता माझे पैसे संपतात. शिवाय फोन मध्येच ठेवता येतो. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा तुम्ही शेवटपर्यंत वाचता, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. म्हणून हे पत्र मांपाँगला जाणाऱ्या ट्रोट्रो गाडीवाल्याच्या हाती देतोय. त्याने ते शिजवलेल्या केळ्यांच्या डब्यावर ठेवलं तर तेलाचे डाग माझे समजू नका.

तर अफियाची आजी गेली हे तुम्हाला आईने कळवलंच असेल. चौऱ्याण्णव वर्षांची होती, सोन्यासारखं जगली. अफिया म्हणजे तीच, जिच्याशी मला लग्न करायचंय आणि जिच्याबद्दल तुम्ही आजवर दोनदा 'हं' म्हणाला आहात. त्या घराण्याचे कर्ते म्हणजे नाना आंतवी. नानांनी मान हलवल्याशिवाय त्या घरात मीठसुद्धा शिजवलेल्या रश्श्यात पडत नाही, मग जावई कुठला पडायला. त्यामुळे अंत्यविधीचे फोटो मी काढतो, फुकट काढतो, असं मी पुढे होऊन सांगितलं. मनात म्हटलं, चौपन्न माणसांचं घराणं एका फोटोत देखणं बसवलं, की नाना आपणहून विचारतील, हा गुणी मुलगा कोणाचा? मामा, माणसाने मनात काही म्हणूच नये.

पहिला घोळ नानांच्या अंगणात आठव्या दिवसाच्या बैठकीलाच झाला. तेव्हा माझ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर तुमचीच जुनी लेन्स होती, ती तुम्ही फडक्यात गुंडाळून दिलेली. (ती सुखरूप आहे. तिच्याबद्दल नंतर.) ती लेन्स पडली सरळमार्गी, समोरचं तेवढंच बघणारी. चौपन्न माणसं तिच्यात मावेनात. मी सगळ्यांना बजावलं, आता कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, माझ्याकडे बघत राहायचं. आणि डोळा कॅमेऱ्याला लावून मी एकेक पाऊल मागे सरकू लागलो. अफियाचं घराणं भलतंच शिस्तीचं आहे. चौपन्न जण जराही न हलता, अवाक्षरही न बोलता माझ्याकडे बघत राहिले, आणि चोविसाव्या पावलाला मी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात गेलो. पडता पडता बोट दाबलं गेलं, त्या फोटोत आकाश आहे आणि एक गिधाड आहे. वर आल्यावर मी अफियाच्या आत्याला विचारलं, आत्या, एक हाक तरी मारायची! त्या म्हणाल्या, "तूच म्हणालास ना बाबा, बोलू नका म्हणून. आम्हाला वाटलं, शहरातले लोक असंच काढत असतील."

म्हणून वाइड लेन्स घ्यायची ठरवली. मागे न जाता सगळं गाव पोटात घेणारी. आदूमच्या बाजारात बादूभाऊंचं दुकान आहे, तिथे गेलो. मामा, लेन्स निवडणं आणि बायको निवडणं यात फरक एवढाच, की बायकोच्या बाबतीत लोक तुमचंही मत विचारतात. बादूभाऊंनी तीन लेन्स पुढे मांडल्या. पहिलीची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. ती सगळं बघते, काढणाऱ्याचे पायसुद्धा बघते. दुसरी चहाच्या थर्मासएवढी, कामात सगळ्यांत तरबेज, पण तिला उचलायला एक माणूस आणि धीर द्यायला दुसरा लागतो. तिसरी इवलीशी, अंगाला लावायच्या शियाच्या लोण्याची डबी असते ना तेवढी. बादूभाऊ म्हणाले, थर्मास ने. मी म्हटलं, डबी नेतो. का, तर प्रकाशाचं गणित, काचेचा दर्जा, असं मी पंधरा मिनिटं बोललो. दोन महिने त्याच विषयावर वाचत होतो ना. दुकानातल्या तीन गिऱ्हाइकांनी मला दुकानाचा मालक समजून भाव विचारले.

खरं कारण तुम्हालाच सांगतो. बाकीचे फोटोवाले शर्ट-पँट घालून येतात. मी होऊ घातलेला जावई. मला शोकाचं कापड नेसून, डावा खांदा झाकून जाणं भाग होतं. आणि ते कापड माझ्या खांद्यावर टिकत नाही. तुमच्या खांद्यावर ते राजासारखं बसतं, माझ्या खांद्यावर वाळत घातल्यासारखं लोंबतं आणि घसरतं. म्हणजे एक हात कायम कापड सांभाळायला. उरला एक हात. एका हाताने थर्मास उचलणार कोण? फुल फ्रेम कॅमेऱ्याला हलकी वाइड लेन्स का हवी, यावर जगात एवढं लिहिलं गेलंय, पण कापड घसरतं म्हणून हवी असं कोणीच लिहिलेलं नाही. तेवढी एक भर मी घातली म्हणायची.

त्या बैठकीत ठरल्याप्रमाणे दोन-अडीच महिन्यांनी, गेल्या शनिवारी, अंत्यविधी थाटात झाला. खुर्च्या चंद्रकोरीसारख्या मांडल्या होत्या. मधोमध, सर्वांत आत नाना, दोन्ही टोकं माझ्याकडे आलेली. मी आठच पावलांवर उभा राहिलो. गटार कुठल्या कुठे लांब. डबीतून बघितलं तर चौपन्नच्या चौपन्न आत, वर मंडप, खाली पाय, बाजूला सुपाची पातेली. मामा, मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात वर केले आणि कापड पडलं. पण फोटो निघाला होता. कॅमेऱ्याच्या मागच्या त्या एवढ्याशा पडद्यावर सगळं झकास दिसत होतं. एवढ्याशा पडद्यावर काहीही झकास दिसतं. तोच फोटो मी दरवाजाएवढ्या फ्लेक्सवर छापून घेतला आणि रविवारी सकाळी आभाराच्या प्रार्थनेआधी चर्चच्या आवारात टांगला.

वाइड लेन्सचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगणार. जवळचं फुगवते, लांबचं लहान करते. ज्यांना पुढे पुढे करायची सवय असते त्यांचीच ती बाजू घेते. त्या फ्लेक्सवर मधोमध नाना आंतवी, चौपन्न माणसांचे कर्ते, भाजलेल्या शेंगदाण्याएवढे दिसत होते. आणि उजव्या टोकाला, अर्धा फ्लेक्स व्यापून, गुडघा पुढे काढून, प्रत्यक्ष सम्राट असावा असा एक माणूस बसला होता. त्याचा नुसता गुडघा नानांच्या डोक्यापेक्षा मोठा. तो बोआटेंग. तो घराण्यातला नव्हे. मंडप आणि प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने देणारा. बिचाऱ्याचे पाय दुखले म्हणून स्वतःचीच एक खुर्ची रिकामी दिसली तिच्यावर टेकला होता.

आता आपल्याकडे पद्धत अशी, की उजव्या हाताच्या पहिल्या माणसापासून हात मिळवत जायचं. लोक आवारात आले, फ्लेक्स बघितला, आणि उजवीकडून पहिला व सगळ्यांत मोठा माणूस बघून ठेवला. बोआटेंग मागे खुर्च्या मोजत उभा होता. पाहुणे रांग लावून त्याच्याकडे गेले. पुरुषांनी खांद्यावरचं कापड उतरवून त्याचं सांत्वन केलं. दोघी बायका त्याच्या गळ्यात पडून रडल्या. तो म्हणत होता, अहो, मी फक्त खुर्च्या. तर एक म्हातारा गहिवरून म्हणाला, "दुःखात माणूस असंच काहीतरी बोलतो." नाना तीन हातांवर एकटे बसले होते. त्यांच्यापर्यंत रांग पोहोचलीच नाही, लोक सांत्वन आटोपून भाताकडे गेले.

नाना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काठी टेकत फ्लेक्सपाशी गेले, चष्मा लावला, स्वतःला शोधलं, सापडायला वेळ लागला. मग मला बोलावलं. अफिया माझ्याकडे बघत नव्हती. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडतेय की हसतेय हे अजून तिने मला सांगितलेलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर नानांनी हात वर केला. म्हणाले, "पोरासोराच्या तोंडची माफी मी ऐकत नसतो. तुझ्यामागे कोण आहे?" मामा, काय सांगू. गटारात पडल्यापासून 'मागे' हा शब्द ऐकला की माझी मान आपोआप वळते. मी मागे वळून बघितलं. मागे खरंच कोणी नव्हतं. सगळं आवार हसलं, आणि त्या हसण्यात मला पहिल्यांदाच भीती वाटली, की अफिया आता हातची गेली. मग मी म्हटलं, मामा आहेत. नाना म्हणाले, "हं."

तर असं आहे एकूण. शेळीला सांभाळा, गुडघ्याला जपा, डोळ्यात औषध घाला. आईचा नमस्कार. तिने शेंगा सोलून संपवल्या आणि तुम्हाला पाठवते म्हणत होती, पण लिहिता लिहिता मीच खाल्ल्या.

आपला,
क्वाकू डुओदू

ता. क. हे सगळं नुसतं खुशाली म्हणून लिहिलेलं नाही हे तुम्ही ओळखलं असेलच. येत्या शनिवारी तुम्ही कुमासीला यायचं आहे. श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या मी आणून ठेवतो. पहिली माफीची, दुसरी दार ठोठावून मागणी घालायची. याच क्रमाने द्यायच्या. उलट दिल्या तर मागणीची माफी मागितल्यासारखं होईल, आणि अफिया म्हणते तेही फार चुकीचं ठरणार नाही.

आणखी ता. क. नुसत्या बाटल्यांनी भागणार नाही. नानांच्या बैठकीत त्यांचा तरुणपणीचा एक फोटो आहे, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. ते मला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "यात मी माझ्याएवढा आहे." मी तो उतरवून पाठ बघितली, तर मागे तुमच्या जुन्या स्टुडिओचा शिक्का. नाना म्हणाले, ज्याने हा काढला त्याला आण, त्याच काचेने सगळ्या घराण्याचा फोटो काढू दे, मग दाराचं बघू. मामी गेल्यापासून तुम्ही कॅमेऱ्याला हात लावलेला नाही, मला ठाऊक आहे. मी कधी फोटो काढायला सांगितलं नसतं. पण माझ्यामागे दुसरं कोणी नाही.

शेवटचा ता. क. (बसून वाचा.) वर लिहिलं की तुमची लेन्स सुखरूप आहे. मधले नऊ दिवस ती नव्हती. डबीच्या बदल्यात मी ती बादूभाऊंना देऊन टाकली होती. जिच्यातून तुम्ही मामीला केळी सोलताना शेवटचं बघितलं, ती लेन्स मी एका हाताला पेलणाऱ्या डबीपायी देऊन टाकली. मला लाज वाटते मामा, आणि ती लिहून कमी होत नाही. सोमवारी जाऊन डबी परत दिली आणि तुमची सोडवून आणली. बादूभाऊ म्हणाले, "नवी घ्यायला गाढवं रोज येतात. जुनी परत न्यायला आलेला तू पहिलाच." फडकंही तेच आहे, त्यांनी फेकलं नव्हतं. म्हणजे आता माझ्याकडे वाइड लेन्स नाही. मी नानांच्या अंगणात जाऊन पावलं मोजली. तुमच्या काचेत चौपन्न माणसं बसवायला चोवीस पावलं मागे जावं लागतं, आणि गटार बरोबर चोविसाव्या पावलावर आहे. सुताराकडून जाड फळी आणून ती त्याच्यावर टाकली आहे. शनिवारी मी शर्ट-पँट घालून खाली गटारात उतरेन आणि दोन्ही हातांनी ती धरून ठेवीन. तुम्ही डोळा काचेला लावून खुशाल मागे मागे या. मागे बघू नका.