दुसरा दाखवा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपल्या घरातली भांडणं अजून तुमच्यावरूनच होतात. काल धाकटीने माझा फोन कापला. कारण विचाराल तर एक प्रोसेसर. कॉम्प्युटरचं ते बिस्किटाएवढं डोकं, जे तुम्ही आयुष्यात एकदाच विकत घेतलंत आणि ज्याला आईने कुंकू लावलं. मी मस्कतला असतो आता. एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम करतो. आज शुक्रवार, दुकान बंद, रूमवरचे सगळे जेवून आडवे झालेत आणि मी एकटा रागाने लिहीत बसलोय. माझं अक्षर कसं आहे ते तुम्ही सगळ्या कॉलनीला सांगून ठेवलं होतंत, तेव्हा त्याबद्दल काही बोलू नका.

धाकटी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. हो, तीच, जी तुमच्या पोटावर बसून तुमच्या मिशा ओढायची. आई आणि ती आता वारज्याला राहतात. एका स्टुडिओवाल्याने तिला घरून काम द्यायचं कबूल केलंय, पण मशीन स्वतःचं हवं, आणि सोमवारी तयार हवं, नाहीतर ते काम दुसऱ्या मुलीला. बजेट बेताचं. म्हणून माझ्याकडे दोन प्रोसेसर घेऊन आली, दादा यातला कुठला ते सांग. दोन्ही स्वस्तातलेच. पहिल्यात चार कोर. कोर म्हणजे आत राबणारी माणसं समजा. चारच माणसं, पण चपळ, आणि पडद्यावर चित्र दाखवायची सोय त्याच्या आतच. दुसऱ्यात सहा. एकेकटा थोडा सावकाश, पण व्हिडिओसारखं ढिगाने पडलेलं काम सहा जण मिळून लवकर उपसतात. फक्त त्याच्यात चित्राची सोय नाही. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच. म्हणजे कार्डाचा खर्च वर, आणि वीज, उष्णता सगळं जास्त. गिऱ्हाइकाला हे सगळं मी चहा संपायच्या आत सांगतो आणि बिल करायला बसवतो. धाकटीला मात्र दोन आठवडे सांगू शकलो नाही. आज म्हणायचं, थांब, भाव उतरेल. उद्या म्हणायचं, हा ज्यावर बसवायचा तो बोर्ड पुढे चालणार नाही. परवा त्याच्या पंख्याचा आवाज. दोन आठवड्यांत मी तुम्ही झालो बाबा, आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

तुमची नोकरीच तशी होती. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात दिवसभर मापाचं गेज लावून माल तपासायचा, केसाइतका फरक दिसला की बाजूला काढायचा. तिथे ते बरोबरच होतं, तिथे चूक म्हणजे कोणाचा तरी हात जायचा. पण तुम्ही ते गेज घरी घेऊन यायचात. वांगी एकेक फिरवून बघायचात. चप्पल घेताना दोन्ही पाय दुकानदाराच्या फरशीवर अर्धा तास. आणि सगळीकडे तुमचं एकच वाक्य: दुसरा दाखवा.

मला कॉम्प्युटर हवा होता. का हवा होता हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून आता सांगतो. नववीत नापास झालेला मी, शाळेत मला कोणी काही विचारायचं नाही. पण कॉम्प्युटरच्या तासाला मशीन अडकलं की सर माझ्या नावाने हाक मारायचे. आठवड्यातून तेवढा एक तास मी कोणीतरी असायचो. म्हणून हवा होता. तुम्ही हो म्हणालात आणि मला वाटलं, झालं काम. मग सुरू झाले आपले रविवार. खडकीहून बस, शनिवार पेठेतलं ते बोळकंडीतलं दुकान, आणि काउंटरपाशी कोपर टेकवून उभे तुम्ही. तेव्हाही दोनच होते. पहिला दोन कोरचा, दुसरा चार कोरचा.

"साहेब, गेल्या रविवारी हेच विचारलं होतंत. उत्तर बदललेलं नाही," दुकानदार मान वर न करता म्हणायचा.

"भाव बदलला असेल."

"तुमचं काय ठरतंय ते बघायला तोही थांबलाय."

तुम्हाला असली उत्तरं आवडायची. तुम्ही हसायचात, आणि परत विचारायचात. एका रविवारी दुकानात बरीच गर्दी होती. दुकानदार वैतागून म्हणाला, "हे बघा, हा चारवाला वीज जास्त खातो, तापतो, आणि तुमच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "असा एक आहे आमच्या घरी. दुसरा दाखवा."

सगळं दुकान हसलं. तो दुकानदार, जो कधी कोणाकडे मान वर करून बघायचाही नाही, तोही हसला. तुमचा हात माझ्या खांद्यावरच होता. तुम्हाला वाटलं असेल, पोरगाही हसतोय. मी हसलोच होतो. दुसरं काय करणार होतो? बसमध्ये तुम्ही खुशीत होतात, मला शेंगदाणे घेऊन दिलेत. आणि आता माझं ऐका. तो चार कोरचा चांगला होता. त्या किमतीत त्याच्याइतकं काम देणारं तेव्हा काहीच नव्हतं. तापायचा, हे खरं. एक बरा पंखा लावला की भागत होतं. आज मी ते पैजेवर सांगतो, कारण आज हा माझा धंदा आहे. तुम्ही चांगला माल बाजूला काढलात बाबा. एका विनोदासाठी.

आणि घेतलात तो दोनवालाही कसा, तर गुढीपाडव्याला, मुहूर्तावर, नुसता प्रोसेसर. बोर्ड नाही, डबा नाही, पडदा नाही. बाकीचं दसऱ्याला, तोवर भाव उतरतील. आई दारात तबक घेऊन उभी. "अहो, एवढुसा? टीव्ही कुठाय त्याचा?"

"टीव्ही नंतर. हे मुख्य आहे."

तिने तो देवापुढे ठेवला आणि त्याच्या चकचकीत पाठीवर हळदकुंकवाचं बोट ओढलं. "अगं अगं, तिथे थंड ठेवायची पेस्ट लावतात!" तुम्ही ओरडलात. "मग मी काय लावलं?" ती म्हणाली. त्या दिवशी मी खरंच हसलो होतो. मग तो शोकेसमध्ये, काचेच्या हत्तीशेजारी. कोणी आलं की तुम्ही काढून दाखवायचात. आमच्याकडे कॉम्प्युटर येतोय. येतोय, येतोय, आणि श्रावणात तुम्ही ड्यूटीवरून आलात, छातीत जळजळतंय म्हणालात, आणि सकाळी नव्हतात. कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. प्रोसेसर परत करायला मी एकटाच त्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो उलटसुलट केला, कुंकवाकडे बघितलं, विचारलं, "वडील?" मी सांगितलं. त्याने गल्ल्यातून सगळे पैसे काढून दिले. त्याच्याकडे विकलेला माल परत घेतला जाणार नाही अशी पाटी होती. दहावीला मी बसलोच नाही. त्याच वर्षी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, तो अजून सुटलेला नाही.

राग मला याचा येतो की धाकटीला तुम्ही वेगळेच आठवता. ती तेव्हा इतकी लहान होती की तिच्या वाट्याला नुसते तुमचे विनोद आले. ते कोणावर व्हायचे हे तिला माहीतच नाही. "बाबा कसले भारी बोलायचे ना," असं म्हणते, आणि मी विषय बदलतो. काल मात्र तिचा धीर सुटला. "दादा, तुला जमत नसेल तर तसं सांग. मी दुकानात जाऊन विचारते."

मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं? तुझ्या कामाला कॅल्क्युलेटर पुरे."

ती म्हणाली, "मी रोज बारा-बारा तास त्या स्क्रीनपुढे बसते. तुला नाही ना माहीत?" आणि फोन कापला.

मला खरंच माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं तेव्हा आवाजसुद्धा तुमचा होता बाबा, तो शेवटी किंचित खाली येणारा. समुद्र ओलांडून इतक्या लांब आलो, तुमच्यासारखी मिशी ठेवली नाही, तुमचं नाव कोणाला सांगत नाही, आणि तुम्ही आत आरामात बसलेले.

आज सकाळी उठल्या उठल्या, भाव-बिव काही न बघता, तिला मेसेज केला. सहावाला घे. कार्ड वापरलेलं चालेल, पंखा मोठा लाव, जोडताना व्हिडिओ कॉल कर. दुपारी उत्तर आलं: "तोच घेतला. दुकानातला मुलगा जोडतोय." एवढंच. सोमवारचं तिचं काम आता जात नाही. कॉल काही आला नाही.

खरं सांगायचं तर आज मी तिलाच फोन करायला बसलो होतो. नंबर काढला, ठेवला, परत काढला. म्हटलं, आधी तुमच्यावरचा राग काढून घेऊ, मग तिच्याशी नीट बोलता येईल. राग बराच निघालाय. रूमवरचे उठायला लागलेत, कोणीतरी चहा टाकलाय, आणि फोन अजून तसाच पडलाय. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं. तुम्हाला मी सॉरी म्हणायची गरज नव्हती.