माय गुपचूप जायची

नांदुरा, १९६३

कोकिळाताई,

लिहायचं पंधरा दिवस टाळलं. तुझं बाळ गेल्यापासून तू जेवत नाहीस, नुसतं "नीळकंठ आला काय?" विचारतेस, असं भाऊजींचं कार्ड इथं धर्मशाळेत आलं. इथं सरकी महागली... हे काय लिहून राह्यलो मी!

माय आपल्याले झोपवून गुपचूप वावरात तण निंदायला जायची. जाग आली की तू दारात बसून रडायचीस, ते रडणं ऐकवेना म्हणून मी शिवारभर पळायचो. अजूनही कोणी रडलं की मी पळतो. आताही तुझ्याकडं यायचं सोडून भुसावळचं तिकीट काढलं. तुझ्याजवळ बसलो अन् माझ्यानं तू सावरली नाहीस तर?

थांब, धर्मशाळेच्या फाटकात कोण... ताई, तूच! उंद्रीच्या सासरहून एकटी आलीस? माझं गाठोडं पाहून म्हणतेस, "आधी पाणी पाज बे, मग पळ."

पळता न आलेला,
नीळकंठ